विजेत्यामागची माणसे : ‘जो जीता वही सिकंदर’ या चित्रपटाचे प्रौढ वयातील पुनर्वाचन

प्रस्तावना :

हिंदी चित्रपटसृष्टीत खेळ हा विषय केंद्रस्थानी ठेवणारे चित्रपट दीर्घकाळ मोजकेच होते. प्रकाश झा यांचा ‘हिप हिप हुर्रे’ (१९८४) हा फुटबॉलवरील चित्रपट त्यातील एक ठळक अपवाद. पुढे ‘लगान’ (२००१), ‘इक्बाल’ (२००५) आणि ‘चक दे! इंडिया’ (२००७) या चित्रपटांनी क्रीडापटाला प्रतिष्ठा मिळवून दिली व अभ्यासकांचे लक्षही वेधून घेतले. या दोन टप्प्यांच्या मध्ये, २२ मे १९९२ रोजी प्रदर्शित झालेला मन्सूर खान दिग्दर्शित ‘जो जीता वही सिकंदर’ हा चित्रपट उभा आहे. त्याला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार लाभला. त्याची गाणी घरोघरी पोहोचली आणि १९९०च्या दशकात शालेय वयात असलेल्या एका संपूर्ण पिढीच्या आवडत्या चित्रपटांत त्याने जागा मिळवली. मात्र ‘तरुणांचा करमणूकप्रधान चित्रपट’ याच सदरात त्याची नोंद होत राहिली.

एखादी साहित्यकृती वाचकाच्या वयाबरोबर बदलते, असे आपण म्हणतो. वास्तविक कृती तीच असते, तिच्यातील कोणत्या पात्राजवळ वाचक उभा राहतो ते बदलते. हा चित्रपट दहाव्या वर्षी पाहणारा प्रेक्षक धाकट्या भावाच्या सायकलवर बसलेला असतो. तोच प्रेक्षक चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा चित्रपट पाहतो तेव्हा त्याची नजर थोरल्या भावाकडे, वडिलांकडे आणि गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या मुलीकडे वळते. हे स्थलांतर चित्रपटातच अंतर्भूत असलेल्या कोणत्या घटकांमुळे शक्य होते, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. विजेत्याचा गौरव करणारे शीर्षक धारण करणारा हा चित्रपट प्रत्यक्षात विजेत्यामागच्या माणसांची गोष्ट सांगतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. तसेच ही गोष्ट सांगताना चित्रपट कोठे अपुरा पडतो, याचाही विचार केला आहे.

कथानकाची चौकट :

डेहराडून या शहरात चित्रपटाचे कथानक घडते. बाहेरगावच्या श्रीमंत मुलांची राजपूत, झेविअर्स यांसारखी महाविद्यालये आणि स्थानिक, बेताच्या परिस्थितीतील मुलांचे मॉडेल कॉलेज, अशी येथील शैक्षणिक सृष्टी विभागलेली आहे. मॉडेलच्या मुलांना ‘पजामा छाप’ म्हणून हिणवले जाते. या सर्व संस्थांमधील वार्षिक क्रीडास्पर्धांचा मानबिंदू म्हणजे सायकल शर्यत. मॉडेलचा रतनलाल शर्मा (मामिक सिंग) आणि राजपूतचा शेखर मल्होत्रा (दीपक तिजोरी) हे तिचे प्रमुख दावेदार. आधीच्या शर्यतीत रतन अगदी थोडक्यात हरलेला आहे. त्याचे वडील रामलाल (कुलभूषण खरबंदा) विद्यार्थ्यांची वर्दळ असलेले एक छोटे उपाहारगृह चालवतात. धाकटा संजयलाल ऊर्फ संजू (आमिर खान) उनाड, खोटे बोलणारा आणि पैसे उडवणारा. श्रीमंत असल्याची बतावणी करून तो देविकाच्या (पूजा बेदी) मागे लागतो आणि त्याची खरी ओळख उघड होताच ती पाठ फिरवते. पुढे वडिलांचा संताप अनावर होऊन संजूला घर सोडावे लागते. याच काळात शेखरच्या टोळक्याशी झालेल्या झटापटीत रतन कड्यावरून कोसळतो आणि गंभीर जखमी होतो. भावाच्या जागी संजू शर्यतीत उतरतो आणि अखेरीस निसटत्या फरकाने जिंकतो.

कथानक परिचित आहे. उनाड मुलगा सुधारतो, गर्विष्ठ श्रीमंत हरतो, कुटुंबाची प्रतिष्ठा राखली जाते. मुलांच्या मनाला भिडणारी प्रत्येक गोष्ट येथे आहे. म्हणूनच या कथानकाच्या आत चित्रपटाने काय दडवून ठेवले आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

रतनची शर्यत :

बालप्रेक्षकाच्या दृष्टीने रतन हा आदर्श आणि त्यामुळे काहीसा नीरस मुलगा असतो. तो वेळेवर उठतो, सराव करतो, वडिलांना हातभार लावतो, धाकट्याच्या चुकांवर पांघरूण घालतो. मुलांना असा थोरला भाऊ घरी असतोच किंवा ‘त्याच्यासारखा हो’ असे सांगणारे कोणी तरी असते. साहजिकच त्यांचे प्रेम संजूवर जडते. रतनचा अपघात हा त्यांच्या लेखी कथेला वळण देणारा प्रसंग ठरतो. आता संजूला शर्यतीत उतरावे लागणार, याची उत्सुकता त्या दुःखापेक्षा मोठी असते.

प्रौढ प्रेक्षकाला मात्र येथेच थबकावे लागते. महाविद्यालयीन स्पर्धेतून सहज लक्षात न येणारी एक क्रूरता असते. तिची मुदत ठरलेली असते. विद्यार्थी पुढच्या वर्षी त्या वर्गात नसतो. एकदा थोडक्यात हरलेला, त्यानंतर नेटाने तयारी केलेला आणि ऐन वेळी शरीरानेच जायबंदी झालेला रतन ती शर्यत पुन्हा धावू शकेल, असे चित्रपट कोठेही सुचवत नाही. संजूच्या विजयाने घराची प्रतिष्ठा परत येते, परंतु रतनची शर्यत परत येत नाही. अंतिम वर्षातील एखादा गुणी खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने किंवा घरच्या अडचणीने संघाबाहेर गेलेला ज्या अध्यापकाने पाहिला आहे, त्याला रतनच्या चेहऱ्यावरील समाधानामागची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

चित्रपट या हानीचे रडगाणे गात नाही. रतनचे दुःख तो कौटुंबिक प्रेमात विरघळवून टाकतो. बालपणीच्या आठवणींत बुडालेल्या ‘रूठ के हमसे’ या गाण्यात भावांचे नाते उलगडते. (आठवणींतील छोट्या संजूची भूमिका इम्रान खान याने केली आहे.) लहानपणी हे गाणे कथेचा वेग अडवणारे वाटते, पुढे तेच चित्रपटाचा गाभा ठरते. संजूला उमगलेली गोष्ट अशी की आपण ज्याच्या जिवावर निर्धास्त होतो, त्या माणसाकडे आपण कधी पाहिलेच नव्हते. हे उमगणे शर्यतीच्या विजयाहून मोठे आहे आणि चित्रपटाच्या रचनेत ते शर्यतीच्या आधीच घडून गेलेले आहे.

पित्याचे दोन मुलगे :

रामलाल हे पात्रही पुनर्वाचनात बदलते. मुलांना तो तापट बाप वाटतो. संजूला त्याच्याकडून मिळणारी वागणूक अन्यायाची वाटते आणि रतनला मिळणारे कौतुक पक्षपाती. वय वाढल्यावर त्या संतापामागचा हिशेब दिसू लागतो. श्रीमंत मुलांना खाद्यपदार्थ पुरवून घर चालवणाऱ्या माणसाजवळ मुलांसाठी ठेवण्यासारखे दुसरे भांडवल नाही. एका मुलाच्या कष्टावर त्याने आपली सर्व आशा लावली आहे आणि दुसऱ्याची उधळपट्टी त्या आशेलाच भोक पाडते आहे. उत्पन्न तुटपुंजे असले की प्रेमसुद्धा वाटून द्यावे लागते आणि त्या वाटणीत एक मूल वंचित राहते. संजूचे उनाडपण हे या वंचनेला दिलेले उत्तर आहे, अशी शक्यता चित्रपट मोकळी ठेवतो.

म्हणून उत्तरार्धात वडील संजूच्या पाठीशी उभे राहतात, तेव्हा त्या कृतीला क्षमेपलीकडचा अर्थ येतो. दुसरा मुलगाही आपलाच आहे, हे पित्याला उशिरा कळले आहे. सुधारण्याची गरज केवळ मुलाला होती, असा सोपा निष्कर्ष चित्रपट काढू देत नाही.

सायकल : साधन आणि प्रतीक :

या चित्रपटाच्या पुनर्निर्मितींवर नजर टाकली असता खेळाच्या निवडीचे महत्त्व ध्यानात येते. तेलुगू भाषेत ‘तम्मुडू’ (१९९९) या नावाने हे कथानक पुन्हा पडद्यावर आले, तेव्हा सायकल शर्यतीच्या जागी किकबॉक्सिंग आले. नाट्य वाढले असेल, परंतु अर्थाचा एक थर गळून पडला. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याला पाडणे हाच खेळ असतो, त्यामुळे सूड आणि खेळ एकरूप होतात. सायकल शर्यतीत मात्र सूड घेण्यासाठी सायकलवरून उतरावे लागते. अंतिम शर्यतीत संजू आणि शेखर नेमके हेच करतात. दोघे रस्त्यावर हाणामारी करत असताना इतर स्पर्धक त्यांना मागे टाकून निघून जातात. मुलांना ती हाणामारी आवडते. परंतु प्रसंगाचा आशय हाणामारी थांबवून पुन्हा सायकलवर बसण्यात आहे. द्वेषाचा हिशेब पुरा करत बसलो तर शर्यत हातची जाईल, एवढे शहाणपण संजूला त्या क्षणी सुचते.

सायकल हे भारतीय जीवनात सामान्य माणसाचे वाहन आहे. दूधवाला, पोस्टमन, कामगार आणि विद्यार्थी यांच्या रोजच्या दगदगीशी ती जोडलेली आहे. पुण्यासारखे शहर तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जात असे. ज्या मराठी प्रेक्षकांनी शाळेसाठी सायकल मिळवण्याकरिता घरी हट्ट धरला, त्यांना या चित्रपटातील चाकांचा अर्थ समजावून घ्यावा लागला नाही. चित्रपट या परिचित वस्तूचे दोन वर्ग करतो. वजनदार, रोजच्या वापराची सायकल एकीकडे आणि हलकी, गिअर असलेली शर्यतीची सायकल दुसरीकडे. चढणीच्या रस्त्यावर हा फरक निर्णायक असतो. चढावर योग्य गिअर असला तर पायांची लय टिकते, नसला तर प्रत्येक फेऱ्याला शरीराचे सारे बळ खर्ची पडते. अशा प्रकारे शर्यत सुरू होण्यापूर्वीच तिचा काही भाग पैशाने धावून झालेला असतो.

सायकल शर्यतीचे आणखी एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूचे बहुतांश बळ हवेचा रोध कापण्यात खर्च होते. पुढचा गडी वारा फोडतो आणि त्याच्या अगदी मागे राहणाऱ्याचे श्रम लक्षणीय प्रमाणात वाचतात. म्हणून व्यावसायिक शर्यतींत संघातील काही जण स्वतः जिंकण्याची आशा न बाळगता प्रमुख सायकलपटूसाठी वारा फोडत राहतात. अंतिम रेषा ओलांडताना ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत. चढावर मात्र हा आडोसा फारसा कामी येत नाही, तेथे ज्याचे त्यालाच चढावे लागते. संजूच्या विजयाचे वर्णन याहून नेमक्या शब्दांत करता येणार नाही. रतनने वर्षानुवर्षे वारा फोडला, वडिलांनी फोडला, अंजलीने फोडला. शेवटचा चढ संजूने एकट्याने चढला हेही तितकेच खरे.

‘ब्रेकिंग अवे’शी तुलना :

पीटर येट्स यांच्या ‘ब्रेकिंग अवे’ (१९७९) या अमेरिकन चित्रपटाशी असलेले साम्य अनेकांनी नोंदवले आहे. इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन हे विद्यापीठाचे गाव, तेथील दगडखाणींत काम करणाऱ्यांची मुले, विद्यापीठातील सुस्थितीतील विद्यार्थी आणि ‘लिटल ५००’ ही सायकल शर्यत अशी त्याची मांडणी आहे. या चित्रपटाच्या पटकथेसाठी स्टीव्ह टेसिच यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्यात एके काळी पाथरवट असलेला पिता रात्रीच्या वेळी मुलाला विद्यापीठाच्या आवारात सांगतो की या इमारतींचा दगड आम्ही घडवला, पण इमारती उभ्या राहिल्यावर त्या आपल्याला शोभणार नाहीत असेच आम्हांला वाटू लागले. रामलालच्या उपाहारगृहाची स्थिती हीच आहे. शहराचे वैभव ज्यांच्या सेवेवर चालते, त्यांना त्या वैभवात पाहुण्यासारखे वावरावे लागते.

साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. ‘लिटल ५००’ ही चार जणांच्या संघाची, आळीपाळीने धावायची शर्यत आहे आणि तीत सर्व संघांना एकाच प्रकारच्या, एकच गिअर असलेल्या सायकली वापराव्या लागतात. तेथे साधनांची विषमता नियमानेच दूर केलेली असते आणि विजय चौघांचा असतो. मन्सूर खान यांच्या चित्रपटात साधने विषम आहेत आणि विजय एकाच्या नावावर नोंदला जाणार आहे. त्यामुळे अमेरिकन चित्रपटात जे काम संघ करतो, ते हिंदी चित्रपटात कुटुंबाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना करावे लागते. भारतीय परिस्थितीत हे अधिक खरे आहे. आपल्याकडे खेळाडूच्या मागे संस्था उभी राहण्याच्या कितीतरी आधी त्याचे घर उभे असते. मूळ सूत्र परके असले तरी त्याला येथील मातीत रुजवणारी गोष्ट हीच आहे.

अंजली : न मोजलेले श्रम :

अंजली (आयेशा झुल्का) या पात्राजवळ येताच चित्रपटाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही एकदम दिसतात. वडिलांच्या गॅरेजमध्ये वावरणारी, अवजारे हाताळणारी ही मुलगी १९९२ सालच्या हिंदी नायिकांमध्ये विरळाच. संजूची सायकल शर्यतीलायक होते ती तिच्या मदतीने. श्रीमंतांच्या साधनांना स्थानिकांचे एकमेव उत्तर म्हणजे तिचे कसब.

‘पहला नशा’ हे मंद गतीत चित्रित झालेले गाणे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याचे नृत्यदिग्दर्शन फराह खान यांच्या कारकिर्दीची सुरुवात ठरले. हे गाणे एका जोडीचे प्रेमगीत असल्याचा समज बालपणी सहज होतो. वस्तुतः त्यात दोन एकतर्फी स्वप्ने एकाच चालीवर चाललेली आहेत. संजू देविकाच्या विचारात हरवला आहे आणि अंजली संजूच्या. दोन आवाजांचे युगुलगीत येथे दोन एकाकी मनांसाठी वापरले गेले आहे. अंजलीचा आनंद ज्याच्यावर अवलंबून आहे त्याला तिचा पत्ताच नाही. रतनप्रमाणे तीही संजूला न दिसलेली व्यक्ती आहे.

तथापि रतनच्या त्यागाला चित्रपट जी भावनिक प्रतिष्ठा देतो, ती अंजलीच्या श्रमाला देत नाही. तिच्या वाट्याला अखेरीस संजूचे प्रेम येते आणि जणू तिचे देणे फेडले गेले असे मानले जाते. तिला स्वतःला काय हवे होते, तिच्या हातातील कसबाचे पुढे काय होणार, हे प्रश्न विचारले जात नाहीत. नागेश कुकुनूर यांच्या ‘इक्बाल’मधील खदिजा ही धाकटी बहीण या तुलनेत वेगळी ठरते. मूकबधिर भावाला प्रशिक्षक मिळवून देण्यापासून त्याच्या वतीने बोलण्यापर्यंत तिचा वाटा कथेच्या मध्यभागी राहतो. मधल्या तेरा वर्षांत हिंदी क्रीडापट या बाबतीत काहीसा पुढे सरकला, असे म्हणता येते.

शीर्षकातील प्रश्न :

‘जो जीता वही सिकंदर’ ही म्हण यशालाच योग्यतेचे प्रमाण मानते. मराठीतील ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण किमान बळाला बळ म्हणते. हिंदी म्हण मात्र विजेत्याला थेट सम्राटपद बहाल करते. चित्रपटाने ही म्हण शीर्षकासाठी घेतली असली तरी त्याचे कथानक तिची परीक्षाच घेते. आधीच्या शर्यतीत शेखर जिंकला होता. म्हणीप्रमाणे तो सिकंदर. परंतु त्याचे वर्तन पाहता प्रेक्षक हे मान्य करीत नाही. रतन हरला, पण प्रेक्षकाच्या मनात त्याची जागा ढळत नाही. जर हे दोन्ही निर्णय योग्य असतील, तर संजूची योग्यताही केवळ निसटत्या फरकाने रेषा ओलांडल्यामुळे सिद्ध होत नाही. तो चाकाच्या अंतराने मागे राहिला असता तरी भावाच्या जागी उभे राहण्याची त्याची कृती तितकीच मोलाची ठरली असती.

येथे चित्रपटाचे पाऊल डळमळते. व्यावसायिक चित्रपटाला पराभवाचा धोका पत्करणे कठीण होते. शिवाय शेखरला खलनायक केल्यामुळे वर्गविषमतेचा प्रश्न एका मुलाच्या दुष्टपणापुरता आकुंचित होतो. शेखर हरला, तरी पुढील वर्षी राजपूत कॉलेजच्या मुलांजवळ त्याच उत्तम सायकली असतील आणि मॉडेलच्या मुलांना पुन्हा एखाद्या रतनची आणि अंजलीची वाट पाहावी लागेल. शर्यत जिंकल्याने शर्यतीची रचना बदलत नाही. आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारल्याला जेमतेम वर्ष होत असताना, १९९२ साली, वैयक्तिक जिद्दीवर भिस्त ठेवणारी ही कथा लोकप्रिय व्हावी यात आश्चर्य नाही. ‘जिद्द असेल तर सर्व काही शक्य आहे’ हा त्या काळाचा आवडता विश्वास होता आणि चित्रपटाचा शेवट त्याला दुजोरा देतो. त्याचे मधले प्रसंग मात्र या विश्वासाला जागोजागी अटी घालतात.

समारोप :

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. ‘जो जीता वही सिकंदर’ या चित्रपटातील विजय एका व्यक्तीच्या नावे असला तरी तो अनेकांच्या श्रमातून घडलेला आहे, आणि चित्रपटाच्या कथनात या श्रमांच्या खुणा स्पष्टपणे आढळतात. सायकल शर्यत हा खेळ साधनांची विषमता आणि परस्परावलंबन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवू शकतो, म्हणून त्याची निवड आशयाला पोषक ठरते. अंजलीचे श्रम आणि वर्गविषमतेचे मूळ यांबाबत चित्रपट अर्ध्या वाटेवर थांबतो. आणि प्रेक्षकाच्या वाढत्या वयाबरोबर त्याचे केंद्र संजूकडून रतनकडे सरकते. बालपणीची आवड ही भाबडी होती असे यावरून सिद्ध होत नाही. चित्रपटाने दोन्ही वयांसाठी सामग्री ठेवली होती.

महाविद्यालयाच्या क्रीडा अहवालात पदक मिळवणाऱ्याचे नाव छापले जाते, आणि ते योग्यच आहे. ज्याने सरावाला रोज सोबत केली पण निवड झाली नाही, ज्याने आपली सायकल किंवा बूट दुसऱ्याला दिले, ज्याची शर्यत ऐन वेळी हुकली, त्याची नोंद ठेवणारा रकाना अशा अहवालात नसतो. त्याच्या वाट्याला येते ती बहुधा एखाद्या अध्यापकाची आठवण. रतनलाल शर्मा हे पात्र त्या न छापलेल्या नावांपैकी एक आहे. दहाव्या वर्षी टाळ्या संजूसाठी वाजतात. पुढे कधी तरी, तोच शेवट पाहताना, प्रेक्षकाची नजर रेषा ओलांडणाऱ्या सायकलकडून वळते आणि गर्दीत रतनचा चेहरा शोधू लागते.